जर्मनीतली पीआर: २१ महिने, २७ महिने आणि घरातलं दुसरं माणूस

आंबेमोहोर

मार्च २०२५ मध्ये माझं पीआरचं, म्हणजे जर्मनीत कायम राहण्याच्या परवान्याचं, कार्ड हातात आलं आणि मे महिन्यात आमचा अख्खा विभाग बंद झाला. कार्ड यायला आणखी तीन महिने लागले असते तर नोकरी शोधताना डोक्यावर व्हिसाची टांगती तलवार असती. ती नव्हती, म्हणून मी शांतपणे चार मुलाखती दिल्या आणि सप्टेंबरात नव्या ठिकाणी रुजू झाले. गेले काही दिवस या मंचावर दोन-तीन जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून पीआर कशी मिळते हेच विचारलंय, म्हणून सगळं एकत्र लिहिते.

मी मूळची चिंचवडची, गाड्यांमधल्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्लू कार्डावर (पदवीधरांना नोकरीसाठी मिळणारा परवाना) स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात आले. नवरा आणि लेक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले.

आधी ब्लू कार्डाचं सांगते. पदवी मान्य असलेल्या विद्यापीठाची हवी आणि पगार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा. २०२५ साठी तो आकडा वर्षाला ४८,३०० युरो होता. आयटी, इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा तुटवड्याच्या कामांना आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांना ४३,७५९ युरो ८० सेंट. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, त्यामुळे ऑफर हातात आली की त्या वर्षीचाच बघा. पदवीचं 'आनाबिन' नावाच्या सरकारी यादीत तपासायचं, आणि त्यात दोन गोष्टी स्वतंत्र बघायच्या: विद्यापीठ आणि अभ्यासक्रम. माझ्या पदवीवर 'पुणे विद्यापीठ' आहे, यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. नाव २०१४ मध्ये बदललं एवढंच, पण व्हिसाच्या खिडकीवर मला ते समजावून सांगावं लागलं. ज्यांची पदवी २०१४ च्या आधीची आहे त्यांनी नामांतराचा कागद सोबत ठेवावा.

आता पीआर. ब्लू कार्डावर २७ महिने नोकरी, तितके महिने पेन्शनचे हप्ते आणि ए१ जर्मन (भाषेची पहिली पायरी, पुढे ए२, बी१, बी२) असेल तर अर्ज करता येतो. बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत. नोव्हेंबर २०२३ पर्यंत हे २७ महिने ३३ होते. ब्लू कार्ड नसलेल्या पण कुशल कामगाराच्या परवान्यावर असलेल्यांना ३ वर्षं आणि बी१, पूर्वी ४ वर्षं लागायची. इथल्याच विद्यापीठातून शिकलेल्यांना किंवा इथेच आउसबिल्डुंग (कामासोबतचं व्यवसाय प्रशिक्षण) केलेल्यांना त्यानंतरची २ वर्षं. शिवाय 'लेबन इन डॉइचलँड' (जर्मनीतलं जीवन) ही परीक्षा. ३३ प्रश्न, त्यातले १५ बरोबर आले की पुरे, आणि सगळे ३१० प्रश्न आधीच जाहीर असतात. त्याचं अजिबात टेन्शन घेऊ नका.

टेन्शन घ्या ते कागदांचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी अर्जाला गेले तेव्हा पेन्शन खात्याकडून मागवलेला उतारा सोबत होता. दोन पानी कागद, एकेका कालावधीची एकेक ओळ. अधिकारी बाईंनी पेनाच्या टोकाने ओळी मोजल्या आणि म्हणाल्या, "हे अकरा महिने आहेत." मला घामच फुटला. मग लक्षात आलं की कंपनी वर्षाचा हिशेब पेन्शन खात्याला पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कळवते. म्हणजे उताऱ्यावर २०२३ चे अकरा महिने होते, २०२४ अजून चढलंच नव्हतं. माझ्या फाईलमध्ये जानेवारी ते ऑक्टोबरच्या दहा पगारपावत्या होत्या. अकरा आणि दहा, एकवीस. त्यांनी दहाही पावत्यांवरची पेन्शनची ओळ तपासली आणि मान डोलावली. एक जरी पावती घरी राहिली असती तर पुढची अपॉइंटमेंट नव्या वर्षात मिळाली असती.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. माझी पीआर आली म्हणून नवऱ्याची आली नाही. तो अजून माझा कुटुंबीय म्हणूनच राहतोय. आमच्या मंडळात मी बघते, पीआरचे पेढे वाटले जातात तेव्हा सगळे धरून चालतात की घराचंच काम झालं. तसं नसतं. घरातल्या दुसऱ्या माणसाचं घड्याळ वेगळं चालतं आणि बहुतेक घरांत ते कोणी बघतच नाही. जोडीदाराकडे कुशल कामगार म्हणून मिळालेली पीआर असेल तर दुसऱ्याला ३ वर्षांत स्वतःची पीआर मिळू शकते, पण त्यासाठी आठवड्याला किमान २० तासांची नोकरी, बी१ आणि तीच ३३ प्रश्नांची परीक्षा लागते. कितीतरी सुशिक्षित बायका इथे पाच-पाच वर्षं राहून ए१ वरच आहेत, कारण सगळं धावपळीचं वर्ष नवऱ्याच्या कागदांत गेलं. आमच्याकडे उलट होतं. पहिलं दीड वर्ष लेक आणि घर नवऱ्याने सांभाळलं, आणि त्याची भाषा मागे पडली. त्याची तीन वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात. या शनिवारी बी१ ची परीक्षा आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी भर घाला, माझं चुकत असेल तर सांगा.

भुईचाफा

छान माहिती. पण एका बाबतीत वेगळं मत आहे. मी बर्लिनमध्ये आहे, ऑफिसात दिवसभर इंग्रजी चालतं, घरी दीड वर्षाचं बाळ. बी१ साठी रात्री दहानंतर पुस्तक उघडण्यापेक्षा मी सरळ २७ महिने थांबले आणि ए१ वर पीआर घेतली. सहा महिन्यांसाठी जिवाचं रान करायची गरज सगळ्यांनाच नसते. नव्याने येणाऱ्यांनी उगाच दडपण घेऊ नये असं वाटतं.

आंबेमोहोर

@भुईचाफा, बाळ लहान असताना तुम्ही जो निर्णय घेतलात तो बरोबरच. माझा आग्रह सहा महिन्यांपुरता नाही. नागरिकत्वाला बी१ लागतंच, आणि तुमच्या 'अहों'ना त्यांच्या पीआरलाही लागणार. बी१ च्या तोंडी परीक्षेत मला आणि एका सीरियन मुलाला मिळून आजारी सहकाऱ्याला भेटायला जायचं ठरवायचं होतं: कधी जायचं, काय न्यायचं, गाडी कोण चालवणार. दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या बालवाडीतून फोन आला, तिला ताप होता, आणि मी पहिल्यांदाच पूर्ण बोलणं जर्मनमध्ये केलं. तेव्हा कळलं की हे शिकलं ते कुठे कामी येतं.

सह्यकडा

नोकरी जाण्याबद्दल लिहितो, कारण बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये (स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे ते) वाहन उद्योगाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे आणि ब्लू कार्डावरचे आपले बरेच लोक त्यातच आहेत.

माझी नोकरी गेली तेव्हा १६ महिने झाले होते. घाबरून मी दीड महिना कोणालाच सांगितलं नाही, आउसलेंडरबेहोर्डेलाही (परदेशी लोकांचे परवाने बघणारं कार्यालय) नाही. ही चूक करू नका. नोकरी संपल्याचं कळल्यापासून दोन आठवड्यांत कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. कळवलं की लगेच हाकलून देत नाहीत, नवीन काम शोधायला मुदत देतात. रोजगार कार्यालयात नाव मात्र पहिल्या दिवशी नोंदवा, बेकारी भत्ता त्यावर अवलंबून असतो. वर्षभर हप्ते भरलेले असतील तर तो आपला हक्क आहे, त्यात लाज कसली?

दुसरं, ब्लू कार्डाच्या पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर आधी कार्यालयाला कळवा. त्यानंतर मोकळीक आहे.

मला पाचव्या महिन्यात काम मिळालं. मधले महिने २१ मध्ये धरले नाहीत, कारण नियम प्रत्यक्ष नोकरीचे महिने मोजतो. पण आधीचे १६ वाया गेले नाहीत, त्यांच्या पुढे मोजणी सुरू झाली. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर दोन महिने झोप लागली असती.

कृष्णाकाठ

ताई, नमस्कार. मी जयसिंगपूरचा. भाच्याने आयटीआयमधून दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स केलाय, तीन वर्षं एका साखर कारखान्यात काम करतोय. आमच्या भागातला एक एजंट म्हणतो, साडेचार लाख द्या, सहा महिन्यांत जर्मनीची पीआर. महाराष्ट्र सरकारचा जर्मनीशी करार झालाय त्यातूनच पाठवणार असंही म्हणतो. बहिणीने सोनं गहाण ठेवायची तयारी केली आहे. काय करावं?

आंबेमोहोर

दादा, आधी बहिणीला थांबवा. आजच फोन करा.

भाच्यासारख्या कामगाराला सहा महिन्यांत पीआर देणारा एकही रस्ता जर्मनीच्या कायद्यात नाही. हे एक वाक्य म्हणणारा माणूस पुढे काहीही म्हणाला तरी ऐकू नका.

करार खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यात तो झाला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण असं जाहीर झालं. पण तो सरकार-सरकारातला आहे, त्यात भाषेचं शिक्षण सरकारने द्यायचं ठरलं आहे. त्याच्या नावावर कोणी खासगी माणूस लाखात पैसे मागत असेल तर जिल्ह्याच्या शिक्षण खात्यात जाऊन विचारा.

भाच्यासाठी मला दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे मार्च २०२४ पासून सुरू झालेली 'मान्यता भागीदारी'. शिक्षण किमान दोन वर्षांचं आणि भारतात सरकारमान्य हवं, जर्मन ए२ हवं, आणि इथल्या मालकाबरोबर करार हवा. मग इथे येऊन काम करत करत आयटीआयच्या प्रमाणपत्राची मान्यता पूर्ण करायची. दुसरा म्हणजे आउसबिल्डुंग, नव्याने शिकणं. इलेक्ट्रिशियनचं साडेतीन वर्षांचं असतं, पगार मिळतो पण थोडा, आणि वर्गात मास्तर काय बोलतो ते कळण्यासाठी जर्मन चांगलं लागतं. वय कमी असेल तर मी दुसऱ्याचा विचार नक्की करेन, कारण इथलं प्रमाणपत्र हातात आल्यावर दोन वर्षांत पीआरला अर्ज करता येतो.

संधी कार्डाबद्दलही तो एजंट बोलेल, जून २०२४ पासून ते सुरू आहे. ते नोकरी शोधण्यापुरतं वर्षाचं कार्ड आहे. महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे (२०२५ चा आकडा) वर्षाचे पैसे आधी दाखवावे लागतात आणि ते महिने पीआरच्या तीन वर्षांत मोजले जात नाहीत.

रातराणी

कृष्णाकाठ दादांसाठी आणि नर्सिंगच्या मुलींसाठी माझा अनुभव. मी लातूरची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, सात वर्षं आयसीयूत काम केलं. इथे आले तेव्हा वाटलं, आलो म्हणजे घड्याळ सुरू झालं.

झालं असं की माझे कागद तपासून आधी एक पत्र आलं, त्यात माझ्या शिक्षणात काय कमी आहे याची यादी होती. पत्र वाचून मी रडले. सात वर्षं ज्या हातांनी व्हेंटिलेटर लावले त्या हातांनी इथे पहिलं वर्ष मदतनीस म्हणून आजी-आजोबांचे कपडे बदलले. ते काम हलकं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण पगार मदतनीसाचा होता आणि मी औषधाच्या कपाटाला हात लावू शकत नव्हते. मग पुरवणी प्रशिक्षण, बी२ आणि शेवटी राज्याचं प्रमाणपत्र, त्यावर 'फ्लेगेफाखफ्राऊ', म्हणजे पूर्ण मान्यता असलेली नर्स. ते मी फ्रेम करून लावलं आहे.

मुद्दा असा. मान्यतेच्या काळातला परवाना वेगळ्या कलमाखाली असतो. पीआरची ३ वर्षं मोजायला सुरुवात होते ती कुशल कामगाराचा परवाना मिळाल्यावर. पेन्शनचे हप्ते त्या आधीचेही धरतात, पण परवान्याची वर्षं धरत नाहीत. त्यामुळे मान्यता जितकी लांबते तितकी पीआर लांबते. मला २० महिने लागले, माझ्याबरोबर आलेल्या केरळच्या मैत्रिणीला अकरा. फरक एकच होता: ती बी२ भारतातच करून आली होती, मी बी१ वर आले होते. मुलींनो, विमानाचं तिकीट काढायची घाई करू नका. चार महिने घरी राहून बी२ करा.

दर्यासारंग

न्यू जर्सीतून लिहितोय. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन काही वर्षं झाली. इथे रोजगाराच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग हलतच नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडायचं आणि बंद करायचं. मुलगी १६ ची आहे. २१ ची झाली की ती माझ्यावर अवलंबून राहत नाही, तिचं इथलं राहणं तिचं तिने बघायचं. ती दीड वर्षाची असताना आणली आहे. तिला मराठी समजतं, बोलते इंग्रजी.

माझं वय ४६. जर्मनीत ब्लू कार्डाला वयाची अट आहे का? आणि मुलीचं काय होईल?

आंबेमोहोर

@दर्यासारंग, वाचून फार वाईट वाटलं. ब्लू कार्डाला वयाची अट नाही. इतर कुशल परवान्यांवर ४५ च्या पुढे जास्त पगार किंवा म्हातारपणाची सोय दाखवावी लागते.

मुलीबाबत मात्र वेळ कमी आहे. इथे कुटुंबीय म्हणून मूल १८ व्हायच्या आत यावं लागतं. म्हणजे तिथे २१ वर टेकलेली कडा इथे १८ वर आहे. यायचं तर सगळ्यांनी एकत्र या. काही इतर परवान्यांवर १६ च्या पुढच्या मुलाने मागून येण्याला भाषेची कडक अट लागू शकते, ब्लू कार्डावर ती नाही. आणि शाळेचा विचार पहिल्यांदा करा. अकरावीच्या वयात जर्मन माध्यमात पडणं सोपं नाही. स्वतःच्या पीआरसाठी तिचं शिक्षण मध्येच तोडायचं की नाही, हे तिच्याशी बसून बोला. ती १६ ची आहे, तिला मत असेल.

ओवी

आईवडिलांना आणता येतं असं ऐकलं. माझी आई साताऱ्यात एकटी आहे. खरं आहे का?

आंबेमोहोर

अर्धं खरं आहे. ज्यांचा पहिला कुशल परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतरचा आहे त्यांना आईवडील आणता येतात, जोडीदार इथे असेल तर सासूसासरेही. पण त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्य विमा आपण दाखवायचा, आणि सत्तरीतल्या माणसाला पुरेसा खासगी विमा मिळवणं हीच मोठी अडचण आहे. आधी विम्याचं लेखी कोटेशन मिळवा, मग आईला सांगा. तिला आशा लावून मागे फिरणं फार जड जातं.

मी फेब्रुवारी २०२३ ची, त्यामुळे माझी आई या नियमात बसत नाही. तेरा महिन्यांनी हुकलं.

याच्याशी जोडलेलं आणखी एक. पीआर मिळाल्यावर सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर ती आपोआप जाऊ शकते. माझ्या ओळखीतल्या एकाला वडिलांच्या पक्षाघातानंतर सांगलीत आठ महिने राहावं लागणार होतं. तो निघण्याआधी कार्यालयात गेला, डॉक्टरांचं पत्र दिलं आणि जास्त मुदत लेखी घेऊन गेला. परत आला तेव्हा विमानतळावर तोच एक कागद दाखवला.

सह्यकडा

नागरिकत्वाबद्दल कोणी विचारण्याआधी लिहितो. जून २०२४ पासून ५ वर्षांत अर्ज करता येतो आणि जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेतं. भारत घेत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं. ३ वर्षांचा झटपट रस्ता ऑक्टोबर २०२५ अखेर बंद झाला, जुने व्हिडिओ बघून कोणी त्या भरवशावर राहू नका. मी स्वतः पीआरवरच राहणार आहे. गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे, आणि ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळते, पण भावाच्या हिश्श्याचं काही करायचं झालं तर अडचण.

आंबेमोहोर

रविवार संध्याकाळ. नवऱ्याची परीक्षा काल झाली. लेखी बरी गेली म्हणतो. तोंडी परीक्षेत जोडीदार बाई इतक्या भरभर बोलल्या की त्याने त्यांना मध्येच थांबवून "कृपया जरा सावकाश" म्हटलं. परीक्षकांनी हसून काहीतरी लिहिलं. निकालाला काही आठवडे लागतील.

कृष्णाकाठ

ताई, बहीण थांबली. सोनं घरातच आहे. एजंटाला भाच्याने स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. सोमवारपासून ए१ चा वर्ग लावलाय, कारखान्यातली दुसरी पाळी मागून घेतली. तो विचारतोय, भाषा शिकेपर्यंत दुसरं काय करून ठेवू?

आंबेमोहोर

त्याला शाबासकी सांगा दादा. आयटीआयमध्ये जाऊन दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम तासांसकट लेखी मागून घेऊ दे: थिअरीचे किती तास, प्रात्यक्षिकाचे किती, कुठल्या यंत्रावर. मान्यता देणारं कार्यालय तेच आधी मागतं आणि आयटीआयमधले लोक बदलले की ते मिळवणं अवघड होतं. कारखान्याकडून अनुभवाचं पत्रही घ्यावं, पण 'इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले' एवढ्यावर ठेवू नका. पॅनेल, मोटर रिवाइंडिंग, केबल टाकणं, जे जे हाताने केलं ते एकेका ओळीत लिहून घ्या. शिक्का आणि सहीखाली अधिकाऱ्याचं पूर्ण नाव हवं. आणि दाखला, आयटीआयचं प्रमाणपत्र, पासपोर्ट तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा. वेगळं असेल तर पासपोर्टचं काम आधी.